सैल साखळी

यंत्राची दुखणी दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारचे दुखणे आपल्याला काही विचारीत नाही. रस्त्याच्या मधोमध गाडी उभी राहते आणि मग खिशात पैसे असोत वा नसोत, दुरुस्ती करावीच लागते. तेथे निर्णयाचा प्रश्नच उद्भवत नाही. दुसऱ्या प्रकारचे दुखणे मात्र सौम्य वृत्तीचे असते. गाडी चालते, रोजचे काम भागते, फक्त कोठेतरी काहीतरी थोडेसे खुळखुळते. हे दुखणे घरातील माणसांना महिनोन्महिने विचार करायला लावते. कारण दुरुस्ती आज केली काय आणि सहा महिन्यांनी केली काय, आजच्या दिवसापुरता काहीच फरक दिसत नाही. इंजिनातील टायमिंग चेनचे झिजणे हे या दुसऱ्या जातीचे दुखणे आहे. ती चेन बदलावी की नाही, या एका प्रश्नावर आम्ही तिघा भावंडांनी २०२५ च्या पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ घालविला. त्या विचारविनिमयातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटले, कारण जुनी गाडी प्रत्येकाच्या घरी नसली तरी जुने काहीतरी प्रत्येकाच्या घरी असतेच.

गाडी आहे १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी. वडिलांनी नाव नोंदवून, कित्येक वर्षे वाट पाहून ती घेतली. त्या काळी मोटारीसाठी थांबणे हे लग्नासाठी स्थळ शोधण्यासारखेच दीर्घसूत्री काम असे. वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात मोटारी तयार होऊ लागल्या. १९६४ पासून तेथे जे मॉडेल बनत होते, त्यालाच १९७४ साली ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. लोकांनी ते नाव कागदावर ठेवले आणि तोंडी ‘फियाट’च म्हणणे चालू ठेवले. १०८९ सी.सी.चे चार सिलिंडरांचे साधे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला जोडलेला गिअर, पुढे बाकासारखी सलग बैठक आणि उंच छप्पर, अशी तिची ठेवण. या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन बंद झाले. मुंबईच्या टॅक्सींना २० वर्षांची वयोमर्यादा आहे, आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या कार्यालयात नोंदली गेली होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या काळ्या-पिवळ्या ताफ्यातून ही गाडी नाहीशी झाली. खाजगी मालकांच्या अंगणात मात्र ती अजून आहे. आमच्या वसईच्या घरी आंब्याखाली ती उभी असते.

ही गाडी आम्ही केवळ वडिलांची आठवण म्हणून जपून ठेवली आहे, असा समज होणे साहजिक आहे. तसे असते तर प्रश्न सोपा होता. आठवणीच्या वस्तूला चालावे लागत नाही. पण आमच्या गाडीला महिन्यातून एकदा तरी खरे काम असते. आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तिच्या डोळ्याच्या पडद्याचा विकार आहे आणि ठरावीक अंतराने डोळ्यात इंजेक्शन घेण्यासाठी तिला मुंबईच्या रुग्णालयात न्यावे लागते. त्या तारखा पुढे ढकलत गेल्यास राहिलेली दृष्टीही हळूहळू जाऊ शकते, असे डॉक्टरांनी आम्हांला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले आहे. तिचे गुडघे आता लोकलचा डबा चढू देत नाहीत. नव्या बुटक्या गाड्यांत खाली वाकून शिरताना तिला कोणीतरी दोन्ही बाजूंनी धरावे लागते. फियाटमध्ये मात्र ती दार उघडून, खुर्चीवर बसावे तशी बसते आणि पदर सावरीत म्हणते, “चला.” वसईहून मुंबईला जायचे म्हणजे महामार्गाने वर्सोव्याचा खाडीपूल ओलांडणे आले. त्या पुलाच्या आसपासची कोंडी ज्याने अनुभवली आहे, त्याला तेथे चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला घेऊन गाडी बंद पडणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

जूनमध्ये आवाज सुरू झाला. सकाळी गार इंजिन चालू केले की पुढच्या बाजूने, पंख्याच्या मागून, डब्यात चिंचोके हलवावे तसा खुळखुळाट येई. इंजिन गरम झाले की तो कमी होई. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की क्षणभर पुन्हा ऐकू येई. आमच्या मेस्त्रींनी बॉनेट उघडून कान लावला. हे गृहस्थ वयाच्या चौदाव्या वर्षी कुर्ल्याच्या एका गॅरेजात कामाला लागले आणि आज सत्तरीकडे झुकले आहेत. त्यांनी प्रथम फॅन बेल्ट उतरवला आणि इंजिन अर्धा मिनिट चालविले. बेल्ट उतरवल्यावर पाण्याचा पंप आणि डायनॅमो थांबतात. आवाज त्यांच्या बेअरिंगचा असेल तर तोही थांबायला हवा. आवाज थांबला नाही. बेल्ट पुन्हा चढवीत मेस्त्री म्हणाले, “दादा, चेन बोलायला लागलीय. बदलायची का, ते तुम्ही ठरवा. लगेच तुटणार नाही. पण ती आता खोटं बोलते.”

चेन खोटे बोलते म्हणजे काय, हे समजून घेतल्याशिवाय निर्णय घेणे शक्य नव्हते. इंजिनात दोन दांडे असतात. पिस्टनांच्या वरखाली होण्याने जो फिरतो तो क्रँकशाफ्ट; आणि हवा-पेट्रोलचे व धुराचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडावेत म्हणून जो फिरतो तो कॅमशाफ्ट. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एकच फेरा व्हावा लागतो, म्हणून कॅमच्या दातेरी चाकाला क्रँकच्या चाकाच्या दुप्पट दाते असतात. या दोन चाकांना जोडणारी साखळी म्हणजे टायमिंग चेन. फियाटसारख्या इंजिनात कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्येच असतो, त्यामुळे ही साखळी आखूड असते, झाकणाआड राहते आणि तेलात न्हात फिरते. पिस्टन कोठे आहे हे व्हॉल्व्हला कळविणारा निरोप्या तोच. प्लगला ठिणगी पुरविणारा डिस्ट्रिब्यूटरही कॅमवरूनच फिरतो, म्हणजे ठिणगीची वेळसुद्धा याच निरोप्याच्या हाती.

साखळी ‘ताणली’ असे आपण म्हणतो, पण तिचे पोलाद रबरासारखे ताणले जात नाही. प्रत्येक दुव्याच्या जोडात एक पिन असते, आणि पिन व तिच्याभोवतीचे बूश एकमेकांवर घासून कणाकणाने झिजतात. समजा, साखळीला साठ दुवे आहेत आणि दर दुव्याचे अंतर ९.५२५ मिलिमीटर, म्हणजे इंचाचे तीन अष्टमांश आहे. साखळीची एकूण लांबी झाली ५७१.५ मिलिमीटर. आता प्रत्येक जोडात केवळ ०.०५ मिलिमीटर झीज झाली, म्हणजे डोळ्याला मुळीच न दिसणारी, तरी साठ जोडांची मिळून लांबी ३ मिलिमीटरने वाढते. एका दुव्यापुढे भिंग धरून पाहिले तर तो निर्दोषच भासेल. दोष असतो तो बेरजेत. सायकल चालविणाऱ्यांना हे अनुभवाने ठाऊक असते: चेन सैल पडते, दात्यांवर वर चढू लागते आणि एके दिवशी चढावर घसरते.

साखळी सैल झाली की कॅम क्रँकच्या मागे रेंगाळतो. व्हॉल्व्ह उशिरा उघडतात आणि उशिरा मिटतात. सिलिंडरात घेतलेली हवा, तिला दाबायला सुरुवात होते तरी दार उघडेच, म्हणून थोडी परत निसटते. त्यामुळे कमी वेगात गाडीचा जोर घटतो, चढावर एक गिअर आधीच खाली यावे लागते, उभ्या गाडीत इंजिन अडखळत फिरते. ठिणगीही उशिरा पडते. येथे एक मोह असतो. डिस्ट्रिब्यूटर थोडासा फिरवून घट्ट केला की ठिणगी पुन्हा वेळेवर पडू लागते आणि गाडी बरी झाल्यासारखी वाटते. परंतु व्हॉल्व्ह उशिराचे उशिराच राहतात. घड्याळ मागे पडते म्हणून रोज सकाळी काटे पुढे करावेत, आणि आतली कमान तशीच राहू द्यावी, त्यातलाच हा प्रकार. मेस्त्रींना तो उपाय येत होता. त्यांनी तो सुचविला नाही, याबद्दल आम्हांला त्यांचा आदर वाटतो.

घरी चर्चा सुरू झाली तेव्हा आमची तीन मते झाली. थोरल्याचे म्हणणे असे की, चालत्या इंजिनाला हात लावू नये. एकोणचाळीस वर्षांचे इंजिन. झाकण काढले की सील गळेल, सील बदलले की आणखी काही निघेल, आणि अकरा हजारांचे काम साठ हजारांवर जाईल. त्यापेक्षा महिन्यातून एकदा भाड्याची गाडी करावी. मधल्या बहिणीचे म्हणणे याच्या अगदी उलट होते. बदलायचे तर सगळेच बदलावे. इंजिन पूर्ण उतरवून बोअरिंग, बेअरिंगा, पिस्टन, चेन असे एकदाच करून घ्यावे आणि दहा वर्षे विसरून जावे. धाकट्याला वाटे की गाडी विकावी. जाणकार लोक अशा गाड्या शोधीत येतात, प्रेमाने ठेवतात. आपल्याला आवाज ऐकत बसायला नको. वाचकहो, तिन्ही मतांत काही तथ्य होते. परंतु आता वळून पाहता एक गोष्ट लक्षात येते. तिन्ही मते साखळीविषयी नव्हतीच. पहिले मत भीतीतून आले होते, दुसरे वडिलांवरील मायेतून आणि तिसरे कंटाळ्यातून. साखळी प्रत्यक्षात किती झिजली आहे, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

आईने पानात भात वाढता वाढता विचारले, “पण ती किती सैल झालीय, ते कोणी मोजलंय का?”

मोजता येते, असे मेस्त्रींनी सांगितले. आणि त्यासाठी इंजिन उघडावे लागत नाही, हे ऐकून थोरल्याचाही विरोध मावळला. पद्धत साधी आहे. चारही प्लग काढावेत, म्हणजे इंजिन हाताने हलके फिरते. डिस्ट्रिब्यूटरचे टोपण काढावे, आतला रोटर दिसतो. पुढच्या पुलीच्या नटावर पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवीत रोटर हलू लागेपर्यंत आणावे. साखळीची एक बाजू आता ताठ झाली. पुलीवर आणि तिच्यासमोर झाकणावर खडूची खूण करावी. मग पाना अगदी हळूहळू उलट फिरवावा. पुली फिरते, पण रोटर जागचा हलत नाही. सैल पडलेली साखळी आधी आपले सैलपण संपविते. रोटर ज्या क्षणी हलेल त्या क्षणी थांबून पुलीवर दुसरी खूण करावी. दोन खुणांतील अंतर म्हणजे साखळीचे खोटे.

रोटर फिरविणाऱ्या दात्यांतही थोडा ‘प्ले’ असतो, म्हणून मेस्त्रींनी वरचे टॅपेट कव्हर काढून रॉकर केव्हा हलतो तेही पाहिले. साखळीवर दुसऱ्याच भागाचा गुन्हा लादला जाऊ नये, ही त्यांची न्यायबुद्धी. बहिणीने पुलीभोवती सूत गुंडाळून तिचा परीघ मोजला. तो ४३२ मिलिमीटर भरला. पूर्ण फेऱ्याचे अंश ३६०. म्हणजे एका अंशाला १.२ मिलिमीटर. तीनदा मोजले. खुणांतील अंतर कधी १४, कधी १५ मिलिमीटर आले. याचा अर्थ सुमारे १२ अंशांची ढिलाई. मेस्त्रींचा आयुष्यभराचा ठोकताळा असा की, पाच अंशांपर्यंत काळजी नाही, पाच ते दहात लक्ष ठेवावे, आणि दहाच्या पुढे गेली की तिच्या शब्दावर विश्वास ठेवू नये. हा नियम कोणत्या पुस्तकातला नाही आणि प्रत्येक इंजिनाला लागू पडेलच असेही नाही. पण ‘आवाज येतो’ आणि ‘१२ अंश’ या दोन वाक्यांत फार अंतर आहे. पहिल्या वाक्यावर भांडता येते.

तरीही एका आकड्यावर निर्णय घेणे योग्य झाले नसते. साखळी बदलणे शहाणपणाचे ठरते ते बाकीचे इंजिन तितक्या लायकीचे असेल तरच. पिस्टन आणि सिलिंडर संपले असतील, तेलाचा दाब राहत नसेल, तर नवी चेन म्हणजे विरलेल्या सदऱ्याला लावलेले नवे बटण. म्हणून त्याच दिवशी चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजले. १२०, ११५, १२० आणि ११० पौंड असे आकडे आले. सैल साखळीने व्हॉल्व्ह उशिरा मिटत असल्यामुळे हे आकडे मुळातच थोडे उणे दिसणार, हे मेस्त्रींनी समजावून सांगितले. त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की चौघांत फार मोठी तफावत नाही. एखादाच सिलिंडर ढासळलेला असता तर गोष्ट निराळी होती. गरम इंजिनावर तेलाचा दिवा लागत नव्हता. धूर नव्हता. तेव्हा संपूर्ण इंजिन उतरविण्याचे कारण उरले नाही. बहिणीने हे कबूल केले, आणि कबूल करताना ती थोडी हिरमुसली, हेही नमूद केले पाहिजे.

वडिलांची वही आम्हांला येथे उपयोगी पडली. गाडीच्या खणात एक लांबट वही आहे. तीत १९८६ पासूनचे प्रत्येक तेल, प्रत्येक प्लग, प्रत्येक पंक्चर तारीख आणि किलोमीटर घालून लिहिलेले आहे. आमच्या गाडीचा मीटर पाच आकडी असल्याने ९९,९९९ नंतर तो पुन्हा शून्यावर येतो. मीटर पाहून गाडीचे वय कळत नाही. वहीत १९९९ सालची नोंद सापडली: “७१,००० — टायमिंग चेन व दोन्ही चाके नवी.” मीटर एकदा फिरून आता ३८,००० दाखवीत होता. म्हणजे एकूण १,३८,००० किलोमीटर, आणि ही साखळी त्यांपैकी ६७,००० किलोमीटर चाललेली. साखळी पहिल्यांदाच झिजलेली नव्हती. वडिलांनीही तेरा वर्षांच्या गाडीपुढे उभे राहून हाच विचार केला असणार, आणि त्यांनी उत्तर दिले होते. अर्थात त्यांनी बदलली म्हणून आम्हीही बदलावी, असा त्याचा अर्थ होत नाही. गाडी तेव्हा तेरा वर्षांची होती आणि कुर्ल्याचा कारखाना नुकताच कालपर्यंत धडधडत होता.

आता सुट्या भागांचा प्रश्न होता. बंद पडलेल्या गाडीचे भाग दोन ठिकाणी मिळतात. एक तर एखाद्या जुन्या दुकानाच्या माळ्यावर कागदात गुंडाळून राहिलेला मूळचा माल. दुसरा नंतर इतरांनी बनविलेला. मेस्त्री कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवरील दुकाने दोन दिवस फिरले. त्यांनी तीन साखळ्या पाहिल्या आणि दोन नाकारल्या. साखळी आडवी धरायची, पिना उभ्या राहतील अशा रीतीने, आणि एक टोक हातात ठेवून दुसरे मोकळे सोडायचे. चांगली साखळी जवळजवळ सरळ राहते. जोड सैल असले तर ती कमानीसारखी खाली झुकते. नवी म्हणून विकली जाणारी एक साखळी दुकानातच झुकली. तिसरी घेतली. तिच्याबरोबर दोन्ही दातेरी चाके घेतली, कारण झिजलेल्या दात्यांवर नवी साखळी घातली तर जुने दाते तिला लवकरच आपल्यासारखे करून टाकतात. पुढचे ऑइल सील आणि पॅकिंगही घेतले. मजुरीसह अंदाज झाला अकरा हजार पाचशे रुपयांचा.

सरकारी बाजूही विचारात घ्यावी लागली. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. आमचे मागचे नूतनीकरण २०२१ चे, म्हणून पुढची पाळी २०२६ ची. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने वीस वर्षांहून जुन्या मोटारींच्या नूतनीकरणाचे शुल्क पाच हजारांवरून दहा हजार रुपये केले. पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनी ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते, आणि आमच्या गाडीला त्या मानाची अजून वर्षे भरायची आहेत. थोडक्यात, आमची पद्मिनी नवी नाही आणि पुराणवस्तूही नाही. ती नुसतीच म्हातारी आहे. म्हातारपण हा काही कायद्याने मान्य केलेला दर्जा नव्हे. त्यात रोजचे काम करीत राहावे लागते आणि शुल्कही दुप्पट भरावे लागते.

सगळे आकडे एका कागदावर मांडले तेव्हा धाकटा म्हणाला की, या पैशांत तीन-चार वेळा भाड्याची गाडी होईल. हिशेब बरोबर होता. केवळ पैशांनी पाहिले असते तर कदाचित भाड्याची गाडीच जिंकली असती. मग आम्ही प्रश्न बदलला. ‘चेन बदलणे परवडते का’ याऐवजी ‘ही गाडी आपण कोठे नेतो’ असे विचारले. गाडी फक्त बाजारात आणि रविवारी चर्चला जाणार असती, तर आणखी एक वर्ष तशीच चालवायला हरकत नव्हती. घरापासून दोन किलोमीटरवर साखळी दात्यावरून उडाली, तर ढकलत आणता येते. काही इंजिनांत साखळी उडाली की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि सगळा नाश होतो. काहींत गाडी नुसती मुकाट बंद पडते. पण पुलावर, कोंडीत, आईला घेऊन, इंजेक्शनच्या दिवशी या दोहोंत फारसा फरक उरत नाही. झीज तीच, आकडा तोच. रस्ता बदलला की उत्तर बदलते. हे एकदा उमगल्यावर मतदानाची गरजच राहिली नाही. साखळी बदलायचे ठरले; इंजिनाला बाकी हात लावायचा नाही, हेही त्याच वेळी ठरले.

काम दोन दिवस चालले. पाणी सोडून रेडिएटर उतरवला, पंखा आणि पुली काढली, पुढचे झाकण सोडविले. जुनी साखळी बाहेर आली तेव्हा मेस्त्रींनी ती नव्या साखळीशेजारी आडवी धरली. नवी सरळ राहिली; जुनी ओंजळीतून पाणी ओसंडावे तशी खाली लवली. तिचा एकही दुवा तुटलेला नव्हता. एकही पिन बाहेर आलेली नव्हती. सहासष्ट-सदुसष्ट हजार किलोमीटर तिने निमूटपणे काम केले होते आणि प्रत्येक जोडाने थोडे थोडे सोडून दिले होते. लहान चाकाचे दाते एका अंगाने आकड्यासारखे वाकडे झिजले होते. नव्या चाकांवरील खुणा समोरासमोर आणून साखळी चढविली, इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात हे पाहिले, आणि मगच झाकण बसविले. हे दोन फेरे फिरविण्याचा कंटाळा करणाऱ्या माणसाला मेस्त्री आपल्या गॅरेजात ठेवीत नाहीत.

झाकण काढलेले होते तेव्हा बहीण आत डोकावून पाहत होती. आणखी काय काय बदलता येईल, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होते. मेस्त्रींनी हसून सील तिच्या हातात दिले आणि म्हणाले, “ताई, जे मोजलं तेच बदलायचं. जे मोजलं नाही, त्याची पाळी आली की ते सांगेल.” जुन्या वस्तूंविषयी इतके शहाणे वाक्य आम्ही फार दिवसांत ऐकले नव्हते. जुन्या वस्तूंच्या बाबतीत माणसे दोन टोकांना जातात. काहीजण काहीच बदलत नाहीत आणि तिला निष्ठा म्हणतात. काहीजण सगळेच बदलतात आणि तिलाही निष्ठाच म्हणतात. मधला रस्ता कष्टाचा असतो, कारण त्यात पाना घेऊन खाली वाकावे लागते, खडूची खूण करावी लागते आणि आलेला आकडा आपल्या आवडीचा नसला तरी मानावा लागतो.

गाडी चालू झाल्यावर ढिलाई पुन्हा मोजली; दोन अंश भरली. नव्या साखळीलाही थोडे सैलपण लागतेच, अगदी आवळून बांधली तर ती बेअरिंगांना खाते, असे मेस्त्री म्हणाले. गाडीचा जोर वाढला आहे. महामार्गाच्या चढावर आता तिसऱ्या गिअरवर यावे लागत नाही. नोव्हेंबरची इंजेक्शनची तारीख ठरल्या दिवशी पार पडली. पुलावर तासभर कोंडी होती. आईने त्या तासात माळेचे पाचही रहस्य पूर्ण केले आणि मग पुढच्या ट्रकच्या मागे काय लिहिले आहे ते वाचण्याचा प्रयत्न केला. मोठी अक्षरे तिला वाचता आली.

वडिलांच्या वहीत १९९९ च्या नोंदीनंतर तशी दुसरी नोंद आम्ही केली आहे. तारीख, किलोमीटर, साखळी कोठून घेतली, चाके नवी, सील नवे. वडिलांनी ढिलाईचा आकडा लिहिला नव्हता. त्यांचा कान तयार होता, त्यांना गरज भासली नसावी. आमचे कान तसे नाहीत, म्हणून आम्ही एक ओळ अधिक लिहिली: “आधी १२ अंश, नंतर २ अंश. पुलीचा परीघ ४३२ मि.मी. दर १०,००० कि.मी.ला मोजणे.” पुढच्या वेळी हा प्रश्न कोणापुढे येईल हे आज सांगता येत नाही. ज्याच्यापुढे येईल त्याला निदान कोठून मोजायला सुरुवात करावी, ते माहीत असेल.